दीड-दोन मिलिमीटरचा सौदा

चेहऱ्याची आणि गळ्याची सैल पडलेली त्वचा अल्ट्रासाउंडच्या लहरींनी आवळता येते का, हे तपासणारा एक अभ्यास 2010 साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात 35 जणांचे निकाल मोजले होते. उपचारानंतर 90 दिवसांनी भुवई सरासरी 1.7 मिलिमीटर वर सरकलेली आढळली. आधीचा फोटो कोणता आणि नंतरचा कोणता हे न सांगता तज्ज्ञांपुढे ठेवले, तेव्हा 35 पैकी 30 जणांत त्यांना फरक ओळखता आला. हा आकडा प्रामाणिक आहे, आणि कोणी तो दडवलेलाही नाही. त्यानंतर हे तंत्र जगभर विकले गेले आणि आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या बाहेर जिल्ह्याच्या गावांतल्या स्किन क्लिनिकांपर्यंत पोचले. या सगळ्या प्रवासात 1.7 मिलिमीटर मात्र वाटेत कुठेतरी गळून पडले. लग्नसराईच्या तोंडावर फलकांवर झळकतो तो बिनऑपरेशनचा फेसलिफ्ट, एका सिटिंगमध्ये परतणारे तारुण्य आणि आई-मुलीला मिळून सवलत. हे उपचार थोतांड आहेत असे मला म्हणायचे नाही. त्यांचा परिणाम खरा आहे, पण लहान आहे. तो जेवढा आहे तेवढाच सांगून विकला जावा आणि चेहऱ्याच्या आत साठ-पासष्ट अंशांची उष्णता सोडणाऱ्या यंत्राला पार्लरच्या खुर्चीची नव्हे, दवाखान्याची शिस्त लागावी, एवढीच मागणी आहे. ती वाटते तितकी साधी नाही, कारण या धंद्याचा बराचसा नफा नेमका या दोन गोष्टी न होण्यावर उभा आहे.

आधी आत काय घडते ते पाहू. त्वचेच्या वरच्या पातळ आवरणाखाली डर्मिस नावाचा जाड थर असतो. त्याला ताठपणा देतात ते कोलॅजेनचे तंतू आणि ताणून सोडल्यावर पुन्हा जागेवर आणतात ते इलॅस्टिनचे. प्रौढ वयापासून त्वचेतले कोलॅजेन दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटत जाते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांतच सुमारे 30 टक्के कोलॅजेन कमी होते, म्हणून ‘गेल्या चार वर्षांत चेहरा एकदम उतरला’ ही तक्रार मनाचा खेळ नसते. यंत्राचे काम या तंतूंना तापवण्याचे, आणि ते दोन तंत्रांनी होते. रेडिओफ्रिक्वेन्सीत वीज त्वचेतून जाते आणि ऊतींच्या विरोधामुळे उष्णता तयार होते. हायफूमध्ये अल्ट्रासाउंडचा झोत भिंगातून येणाऱ्या उन्हासारखा एका बिंदूवर आणतात, दीड, तीन किंवा साडेचार मिलिमीटर खोलीवर. साडेचार मिलिमीटरची खोली मुद्दाम निवडलेली आहे. तिथे साधारणतः स्मास नावाचा तंतुमय पडदा असतो. मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी 1976 साली त्याचे वर्णन केले, आणि तेव्हापासून फेसलिफ्ट करणारे सर्जन ओढून शिवतात तो हाच पडदा. साठ अंशांच्या पुढे कोलॅजेनची पिळदार रचना उलगडते आणि तंतू आखूड होतात. शरीर त्या सूक्ष्म भाजण्याला जखम समजून दुरुस्तीला लागते आणि तीन ते सहा महिन्यांत नवे कोलॅजेन घालते. खरा परिणाम या दुरुस्तीतून येतो. खुर्चीतून उठल्या उठल्या आरशात जो घट्टपणा दिसतो, त्यात सुजेचा वाटा मोठा असतो. भारतीय त्वचेच्या दृष्टीने या दोन्ही तंत्रांची एक जमेची बाजू आहे. लेसरचा प्रकाश रंगद्रव्य शोषून घेते, त्यामुळे सावळ्या त्वचेवर काळे डाग पडण्याची भीती असते. वीज आणि ध्वनिलहरींना रंगाशी देणेघेणे नसते. आपल्याकडे ही यंत्रे इतकी लोकप्रिय झाली त्याला हे एक रास्त कारण आहे.

अडचण पुढे सुरू होते. चेहरा उतरतो तो फक्त कातडीमुळे नाही. वयानुसार जबड्याचे आणि गालाचे हाड झिजते. गालातल्या चरबीचे कप्पे काही ठिकाणी आटतात, काही ठिकाणी खाली सरकतात. त्यांना धरून ठेवणारे बंध ढिले होतात. गळ्यावर प्लॅटिस्मा नावाच्या पातळ स्नायूच्या कडा दोऱ्यांसारख्या उभ्या राहतात. हनुवटीखालचा झोल कोणाकडे चरबीचा असतो, कोणाकडे कातडीचा, कोणाकडे स्नायूचा आणि बहुतेकांकडे तिन्हींचा. चरबीसाठी डीऑक्सिकोलिक ॲसिडच्या इंजेक्शनांना अमेरिकेत 2015 साली मान्यता मिळाली आणि प्लॅटिस्माच्या दोऱ्यांसाठी बोटॉक्सला 2024 साली. म्हणजे प्रत्येक दोषाला वेगळा उपाय आहे आणि त्वचा तापवणे हा त्यांतल्या फक्त एका दोषाचा आहे. म्हणून हे उपचार त्यातल्या त्यात कोणाला मानवतात, तर चाळिशीच्या आसपासच्या, जबड्याची कड नुकती पुसट होऊ लागलेल्या, त्वचेत अजून दम असलेल्या माणसाला. पासष्टीच्या गळ्यावर लोंबणाऱ्या वळ्या उष्णतेने आत जात नाहीत. ज्याला गरज सर्वांत जास्त त्याला उपयोग सर्वांत कमी, हे या उपचाराचे मूळ दुखणे आहे, आणि पैसे भरायला तयार असलेला ग्राहक बहुधा याच टोकाला सापडतो. आता त्यात नवी भर पडते आहे. 2025 साली मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात आली. झपाट्याने पंधरा-वीस किलो उतरलेल्या माणसाच्या गालातली चरबी जाते आणि कातडी मागे राहते. ही त्वचा सैल असते त्याहून अधिक रिकामी झालेली असते. तिला तापवून आवळण्याचे पॅकेज विकणे म्हणजे चुकीच्या कुलपाला किल्ली विकणे.

पुराव्याकडे जरा बारकाईने पाहिले तर ‘खरा पण लहान’ हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसते. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या थर्माज यंत्राला अमेरिकेत 2002 साली डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी परवानगी मिळाली. त्यामागचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. 86 जणांवर एकदाच उपचार केले आणि सहा महिने पाहिले. तज्ज्ञांच्या मते उपचार केलेल्या जागांपैकी सुमारे 83 टक्के जागी सुरकुत्यांच्या मोजपट्टीवर निदान एका अंकाने सुधारणा होती. साठ टक्क्यांहून थोड्या अधिक भुवया निदान अर्धा मिलिमीटर वर गेल्या होत्या. अर्धा मिलिमीटर! आणि ज्यांचे डोळे होते त्यांना विचारले तेव्हा समाधानी असल्याचे सांगणारे निम्मेच निघाले. तज्ज्ञाच्या मोजपट्टीला जे दिसते ते आरशात दिसेलच असे नाही, हा या अभ्यासातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग आहे. शिवाय या दोन्ही अभ्यासांत खोटे यंत्र फिरवलेला, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला गट नव्हता. सूज, उजेडाचा कोन, हनुवटी किंचित वर धरणे, फोटोच्या दिवशी नीट झोप झालेली असणे, यांतले काहीही एक मिलिमीटर देऊ शकते. या क्षेत्रातले बरेच संशोधन यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर होते. त्याने निष्कर्ष आपोआप खोटा ठरत नाही, पण न आवडणारा निष्कर्ष छापला जाण्याची शक्यता निश्चितच कमी होते. यावर म्हटले जाईल की 2003 नंतर तंत्र सुधारले. ते खरे आहे. सुरुवातीला एकाच फेरीत जास्त शक्ती वापरत. त्याने दुखायचे फार आणि क्वचित चरबी वितळून गालावर खड्डे पडायचे. पुढे कमी शक्तीच्या अनेक फेऱ्या देण्याची पद्धत आली, यंत्रे त्वचा वरून गार ठेवू लागली, अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर आतला थर बघून झोत सोडता येऊ लागला. उपचार अधिक सुसह्य आणि सुरक्षित झाला. चेहरा सेंटिमीटरने वर जाऊ लागला, असे मात्र झालेले नाही. धाग्यांनी चेहरा वर ओढण्याची पद्धत याच दुकानात मिळते. तिचा परिणाम पहिल्या दिवशी ठसठशीत दिसतो आणि काही महिन्यांत ओसरतो, यापलीकडे तिच्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. लोक समाधानी आहेत, आपल्या पैशाने करून घेतात, परत येतात. मग तुमच्या मिलिमीटरचे कौतुक कशाला? चेहऱ्याचा उपचार हा शेवटी मनाला बरे वाटण्यासाठीच असतो. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. पन्नाशीच्या बाईने गळ्याची काळजी केली की तिला उथळ ठरवायचे, आणि त्याच वेळी नोकरीत, पडद्यावर, लग्नाच्या बाजारात तिच्या प्रत्येक सुरकुतीचा हिशेब ठेवायचा, हा आपला जुना ढोंगीपणा आहे. गळा घट्ट हवा असणे हा गुन्हा नाही आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पण समाधान हे पुराव्याच्या जागी ठेवायचे असेल तर ते कशावर उभे आहे ते पाहावे लागेल. मोठी रक्कम आधी भरली, दुखणे सोसले, घरी सांगितले किंवा लपवले. त्यानंतर ‘काही फरक नाही’ असे स्वतःशी कबूल करणे जड जाते. शिवाय क्लिनिकच्या फोनमध्ये साठवलेले फोटो क्लिनिकनेच निवडलेले असतात. आणि परत येण्याचे काय? परिणाम वर्ष-दीड वर्षात ओसरतो म्हणून परत यावे लागते, हे समाधानाचे लक्षण मानायचे की उपचाराच्या मर्यादेचे? माणसाला 1.7 मिलिमीटर आधी सांगितले, तरीही त्याने पैसे मोजले आणि तो खूश झाला, तर त्या समाधानाबद्दल कोणाचीच तक्रार असू नये. हे सांगणेच तर टाळले जाते.

दुसरा आक्षेप असा की हे सारे ऑपरेशनपेक्षा किती सुरक्षित आहे ते तरी पाहा. फेसलिफ्टमध्ये भूल असते, त्वचेखाली रक्त साचू शकते, नस दुखावू शकते, व्रण राहतो. हे सगळे खरे. पण जी व्यक्ती फेसलिफ्ट कधीच करून घेणार नव्हती तिच्यासाठी फेसलिफ्ट ही तुलनाच नाही. तिच्यापुढचे पर्याय दोनच: हा उपचार किंवा काहीही न करणे. काहीही न करण्यात कोणी भाजत नाही. जपानमध्ये ब्यूटी सलूनमधून हायफू सर्रास होऊ लागला, तेव्हा तिथल्या ग्राहक सुरक्षेच्या सरकारी तपास आयोगाने मार्च 2023 मध्ये अहवाल दिला. त्यात शंभराहून अधिक तक्रारींची नोंद होती: भाजणे, चेहऱ्याच्या नसांना इजा, डोळ्यांजवळ यंत्र फिरवल्याने डोळ्यांना झालेला अपाय. पुढच्याच वर्षी तिथल्या आरोग्य मंत्रालयाने डॉक्टर नसलेल्याने हायफू करणे हा वैद्यकीय कायद्याचा भंग ठरेल असे स्पष्ट केले. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर 2025 मध्ये सुया टोचून रेडिओफ्रिक्वेन्सी देण्याच्या उपचाराबद्दल इशारा दिला. भाजणे, व्रण, चरबी नाहीशी होणे, नसांना इजा, चेहरा विद्रूप होणे अशा तक्रारी आल्याचे त्यात नमूद आहे, आणि हा सौंदर्यप्रसाधनाचा नव्हे तर वैद्यकीय उपचार आहे, तो घरी करू नये, हेही. हे वारंवार घडते असे नाही. चांगल्या हातात क्वचितच घडते. पण जबड्याच्या कडेने ओठाचा कोपरा खाली ओढणाऱ्या स्नायूची नस जाते. तिच्यावर झोत पडला तर हसू काही आठवडे, कधी महिने, वाकडे होते. ती नस कुठून जाते हे पंधरा दिवसांच्या कोर्समध्ये शिकलेल्या हाताला माहीत असेल याची खात्री कोणी द्यायची?

हाच प्रश्न घेऊन आपल्या नियमांकडे वळले की गंमत दिसते. जाहिरातीत हमखास असणारा शब्द म्हणजे ‘एफडीए ॲप्रूव्ह्ड’. महाराष्ट्रातल्या वाचकाला एफडीए म्हटले की आपले अन्न व औषध प्रशासन आठवते, भेसळीचा खवा पकडणारे. जाहिरातीतली एफडीए अमेरिकेतली असते. आणि तिनेही या बहुतेक यंत्रांना औषधांना देते तशी मंजुरी दिलेली नसते. बाजारात आधीच असलेल्या यंत्राशी हे नवे यंत्र पुरेसे मिळतेजुळते आहे, एवढे पटवून दिले की विक्रीची मोकळीक मिळते. त्यासाठी प्रत्येक वेळी माणसांवरची नवी चाचणी लागतेच असे नाही. शिवाय ती मोकळीक ठराविक उपयोगापुरती असते. अल्थेरपी या हायफूच्या यंत्राला 2009 साली ती भुवई उचलण्यासाठी मिळाली आणि 2012 साली गळा व हनुवटीखालच्या भागासाठी. आणि अशा नावाजलेल्या यंत्रांच्या आडोशाला ऑनलाइन बाजारात कुठल्याही कारखान्याचे, कुठलेही प्रमाणपत्र नसलेले यंत्र ‘हायफू’ म्हणून मिळते. ते किती अंश तापते आणि किती खोल जाते, हे ते विकणाऱ्यालाही माहीत नसते. भारतात 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत. एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आणि ऑक्टोबर 2023 पासून जास्त जोखमीच्या वर्गांनाही परवाना सक्तीचा झाला. कागदावर हे ठीकच आहे. पण हा नियम यंत्र आयात करणाऱ्याला, बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला लागू आहे. यंत्राची दांडी कोणाच्या हातात असावी याबद्दल तो बोलत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 साली केशरोपणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि कार्यशाळेत किंवा यू-ट्यूबवर पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे असे त्यात लिहावे लागले. अशी सूचना लिहावी लागणे यातच सगळे आले.

डॉक्टरांनी जाहिरात करावी का, हा प्रश्न तर 2002 सालीच सुटलेला आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या त्या वर्षीच्या नियमांनुसार डॉक्टरने, डॉक्टरांच्या गटाने किंवा संस्थेने रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे अनैतिक आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, रजेवर गेलो, परत आलो, फी अमुक आहे, अशा मोजक्या गोष्टी जाहीर करता येतात. 2023 साली नवे नियम आले आणि तीन आठवड्यांत स्थगित झाले, म्हणजे आजही 2002 चेच लागू आहेत. मग आधीचा-नंतरचा फोटो, सणाची सवलत, तिसरे सिटिंग मोफत, हे सारे कोण करते? कंपनी करते. डॉक्टर तिथे पगारावर असतो, आणि कंपनीवर वैद्यक परिषदेचा अंकुश चालत नाही. महाराष्ट्रात आणखी एक फट आहे. आपल्याकडे दवाखान्यांची नोंदणी होते ती 1949 च्या शुश्रूषागृह कायद्याखाली, आणि तो रुग्ण दाखल करून घेणाऱ्या, खाटा असलेल्या जागांसाठी आहे. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. स्किन क्लिनिकमध्ये खाट नसते, आरामखुर्ची असते. त्यामुळे चेहऱ्याच्या आत पासष्ट अंश उष्णता सोडणारी जागा कुठल्याही आरोग्य यंत्रणेच्या वहीत नसू शकते, तर शेजारचे चार खाटांचे प्रसूतिगृह असते.

आणि ‘काहीही न करणे’ हा पर्याय मी वर ढोबळपणे लिहिला. खरे तर काही करायचेच असेल तर या यंत्रांहून भक्कम पुरावा असलेल्या दोन गोष्टी आहेत, पण त्यांना फलक मिळत नाही. पहिली गोष्ट सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या नॅम्बोर गावात 55 वर्षांखालच्या 903 जणांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, अर्ध्यांना त्यांच्या मर्जीवर सोडले, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठीने ठरवले. साडेचार वर्षांनी हाताच्या पाठीवरच्या त्वचेचे ठसे घेतले. रोज लावणाऱ्यांत त्वचेचे वय वाढण्याचे प्रमाण 24 टक्के कमी निघाले. मोजमाप हाताचे आहे, चेहऱ्याचे नाही, हे मान्य. पण चेहऱ्यावर सनस्क्रीन वेगळे वागेल असे मानायला आधार नाही. 2012 साली अमेरिकेतल्या एका 69 वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. 28 वर्षे खिडकीच्या काचेतून ऊन खाल्लेली चेहऱ्याची डावी बाजू उजवीहून कितीतरी म्हातारी दिसते. काच अतिनील किरणांपैकी एक प्रकार फारसा अडवत नाही. दुसरी गोष्ट ट्रेटिनोइन नावाचे मलम. उन्हाने म्हाताऱ्या झालेल्या त्वचेवरचा त्याचा गुण अल्बर्ट क्लिगमन यांनी 1986 साली मांडला. हे मलम स्वस्त आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते, गरोदरपणात टाळायचे असते, सुरुवातीला त्वचा सोलवटते आणि परिणाम दिसायला महिने लागतात. लोंबलेला गळा तेही वर नेत नाही. पण सनस्क्रीन आणि ट्रेटिनोइन पुढची दहा वर्षे जी झीज रोखतात, तिची बरोबरी एका सिटिंगने होत नाही. पुण्यात दुचाकीवर डोळे सोडून सगळा चेहरा-गळा ओढणीत गुंडाळून जाणाऱ्या मुलींची टिंगल फार झाली. त्वचेच्या हिशेबाने त्या शहाण्या निघाल्या.

शेवटचा आक्षेप क्लिनिक चालवणाऱ्यांचा. नियम कडक केले तर खर्च वाढेल, प्रामाणिक डॉक्टर वैतागतील आणि ग्राहक गल्लीतल्या पार्लरमधल्या स्वस्त यंत्राकडे वळेल. ही भीती पोकळ नाही. परवाना राज्याचा आपल्याला भरपूर अनुभव आहे. म्हणूनच इथे नवा परवाना नको, नोंद हवी. सौंदर्योपचारांना आजारावरच्या उपचारांसारखी जीएसटीची माफी नाही, विमा कंपन्याही त्यांचे पैसे देत नाहीत; म्हणजे ग्राहक सगळी रक्कम खिशातून देतो आणि बिल मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. त्या बिलावर यंत्राचे नाव, आयात किंवा उत्पादन परवान्याचा क्रमांक, उपचार करणाऱ्या डॉक्टरचा महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि वापरलेली शक्ती छापायला प्रामाणिक क्लिनिकला पाच मिनिटेही लागणार नाहीत. ज्याला ते छापता येणार नाही त्याची अडचण आपोआप कळेल, आणि स्वस्त पार्लरशी स्पर्धा करताना प्रामाणिक डॉक्टरच्या हातात पहिल्यांदाच दाखवण्यासारखे काही येईल. संमतिपत्रात एक ओळ मराठीत हवी: या उपचाराने आमच्या अनुभवात आणि प्रसिद्ध अभ्यासांत साधारण किती फरक पडतो, किती जणांत काहीच पडत नाही आणि तो किती महिने टिकतो. फोटो एकाच उजेडात, एकाच अंतरावरून, हनुवटी त्याच उंचीवर ठेवून काढावेत आणि त्यांची प्रत ग्राहकाला त्याच दिवशी मिळावी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आणि 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे आहेतच. पण ‘दहा वर्षांनी तरुण’ हा दावा खोटा ठरवायला ग्राहक आयोगापुढे काहीतरी मोजलेले लागते. आज तक्रारदाराकडे असते ती फक्त पैसे भरल्याची पावती आणि क्लिनिकच्या फोनमध्ये राहिलेला, त्याला कधीच न मिळालेला फोटो.